नागपूरच्या सिमेंट रोडवर पोलो जीटी: टायर निवडताना आणि बसवताना

पोलो जीटीला नवे टायर घ्यायचे ठरल्यावर पहिला सल्ला ब्रँडचा आला, दुसरा रुंदीचा आणि तिसरा किमतीचा. गाडी कोणत्या रस्त्यावर चालते, हे एकानेही विचारलं नाही. काँक्रीट रस्त्यांची गुणवत्ता तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे टायरकडे मी आधी रस्त्याच्या बाजूने पाहते, आणि नागपुरात तरी तीच बाजू सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

गाडीबद्दल आधी सांगते. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचं ऑटोमॅटिक. टायरची कंपनी साइज १९५/५५ आर१६, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची (साइडवॉल) रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. इतकी छोटी, घट्ट बांध्याची आणि पाय दाबला की लगेच उत्तर देणारी दुसरी गाडी मला त्यानंतर मिळाली नाही, म्हणून हीच नीट सांभाळायची असं ठरवलंय. या गाडीत इंजिनाचा सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर जातो, वळणं तीच घेतात आणि ब्रेक मारल्यावर वजनही त्यांच्यावरच येतं. शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग काहीही न बदलता नुसते टायर बदलले तरी गाडी वेगळी वाटते, ती यामुळेच.

आता रस्ता. नागपुरातले बरेचसे मोठे रस्ते आज सिमेंटचे आहेत. समृद्धीला लागलात तर पुढचे कित्येक तास सिमेंटच. काँक्रीट ओलं असताना त्यावर तारांच्या कंगव्याने आडव्या खाचा ओढतात, म्हणजे पावसाचं पाणी टायरखालून निघून जातं आणि पकड टिकते. रस्ता नवा असताना या खाचांच्या कडा धारदार असतात. त्या रबर खातात आणि गाडीत एकसुरी घूं-घूं आवाज भरतात. रस्ता जुना झाला की खाचा झिजतात, पण सगळीकडे सारख्या झिजत नाहीत. चौकाच्या तोंडाशी, सिग्नलच्या अलीकडे जिथे बस, ट्रक, ऑटो सगळेच ब्रेक मारतात, तिथे त्या आधी जातात. म्हणजे थांबायची गरज जिथे सगळ्यात जास्त, नेमका तिथलाच रस्ता सगळ्यात गुळगुळीत. त्यावर पहिल्या पावसाचं पाणी, धूळ आणि गाड्यांतून गळलेलं ऑइल यांचा पातळ थर बसला की रस्त्याकडून मिळणारी पकड जवळजवळ संपते. उरतं ते टायरचं रबर. म्हणून माझ्या यादीत ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट सांध्यांची. काँक्रीट आकसतं, ते कुठेही तडकू नये म्हणून ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापून ठेवतात. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नियमात हे अंतर जास्तीत जास्त साडेचार मीटर आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने गेलात तर सेकंदाला तीनहून जास्त सांधे चाकाखालून जातात, आणि तेवढंच अंतर धरलं तर १२० च्या वेगाला सात. सांध्यातला मसाला निघालेला असेल, दोन स्लॅब थोडे खालीवर झालेले असतील, तर यातला प्रत्येक सांधा हलका ठोका देतो. टायरची साइडवॉल हे ठोके कसे पचवते यावर लांबच्या प्रवासात पाठ किती थकणार ते ठरतं.

आणि तिसरी गोष्ट कडेची, जी माझ्या खरेदीचं निमित्त झाली. सिमेंट रोड उंच होतो, बाजूला गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवतात, आणि दोन्हींच्या मधे कित्येक ठिकाणी तीन-चार बोटांची पायरी राहते. समोरून आलेल्या ट्रकला जागा देताना माझं डावं चाक त्या पायरीखाली उतरलं आणि वर येताना टायरची बाजू काँक्रीटच्या कडेवर चेपली गेली. तेव्हा काहीच जाणवलं नाही. नंतर गाडी धुताना साइडवॉलवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा दिसला. फुगा म्हणजे आतले पॉलिस्टरचे धागे तुटलेत आणि हवा आता फक्त रबराच्या जिवावर थांबली आहे. याला पंक्चरचा पॅच चालत नाही, आतून पट्टी लावूनही उपयोग नाही. ‘हळू चालवा, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मी त्याच दिवशी स्टेपनी लावली.

बाकीच्या तीन टायरांची नक्षी चार मिलिमीटरच्या आसपास शिल्लक होती. टायर संपल्याची खूण, म्हणजे खोबणीतले ते टीडब्ल्यूआयचे उंचवटे, १.६ मिलिमीटरवर असतात, त्या हिशेबाने ते अजून चालले असते. पण पाच नागपुरी उन्हाळे त्यांनी उघड्या पार्किंगमध्ये काढले होते. नख दाबलं तर रबर दबत नव्हतं आणि खोबणींच्या तळाला केसाएवढ्या भेगा होत्या. ऊन आणि उष्णता रबराला कडक करतात आणि हवेतला ओझोन भेगा पाडतो, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. कडक झालेलं रबर गुळगुळीत काँक्रीटच्या बारीक खळग्यांत शिरत नाही, वरून घसरतं. चारही बदलायचे ठरले.

बजेटमुळे दोनच बदलायचे असतील तर एक सांगते, कारण बहुतेक दुकानांत उलटं करतात. नवे दोन मागे लावा. पुढे लावले तर पावसात पुढची चाकं धरून राहतात आणि मागची सुटतात, गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. मागे चांगले टायर असतील तर गाडी फार तर वळणात बाहेर सरकते, पाय काढला की परत येते.

पुण्यातल्या दादाचं म्हणणं होतं की एवीतेवी बदलतेसच तर १७ इंची अलॉय घे, २१५/४५ टाक, पोलोला भारी दिसतं. दिसतं खरं. व्यासाचा हिशेबही बसतो, १९५/५५ आर१६ चा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर आणि २१५/४५ आर१७ चा ६२५. पण साइडवॉल १०७ मिलिमीटरवरून ९७ वर येते. गट्टूच्या पायरीवर मधे मिळणारा तो एक सेंटिमीटर मला सोडायचा नव्हता. शिवाय रिम आणि टायर दोन्ही जड होतात, आणि चाकावर वाढलेलं वजन सुटताना एक लिटरच्या इंजिनाला ओढावं लागतं आणि थांबताना ब्रेकला रोखावं लागतं.

दुसरा पर्याय जास्त मोहाचा होता. त्याच रिमवर २०५/५५ आर१६. पोलोवाले बरेच जण हे करतात. ही साइज ऑक्टाव्हिया, जेटा, कोरोला अशा मोठ्या सेडानची, त्यामुळे तिच्यात खऱ्या अर्थाने स्पोर्टी म्हणावेत असे टायर मिळतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ त्यातला सगळ्यात नावाजलेला. व्यास ६३२ होतो, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. स्पीडब्रेकरवर पोट पाच-साडेपाच मिलिमीटरने वर येतं हा फायदा. पण गिअरिंग तितकंच लांबतं, म्हणजे गाडी उचलायला किंचित मंद होते, स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवतो, आणि कंपनीच्या यादीत नसलेली साइज लावली तर अपघातानंतर विम्याच्या माणसाशी वाद घालायची पाळी येऊ शकते. आठवड्याला घाटात जाणारी, ट्रॅकवर गाडी उतरवणारी व्यक्ती असाल तर माझा कौल पायलट स्पोर्टलाच. माझी गाडी रोज शहरात आणि महिन्यातून एखाद-दोनदा समृद्धीवर किंवा जबलपूर रोडला असते. मी कंपनी साइजवरच राहिले.

१९५/५५ आर१६ बलेनो आणि आय२० च्या वरच्या व्हेरिएंटलाही लागते, आय२० एन लाइनलाही हीच. त्यामुळे नागपुरात माल सहज मिळतो, पण बहुतेक टायर टूरिंग जातीचे, म्हणजे मायलेज आणि शांतपणा आधी, पकड नंतर. यामागे एक कारण सरकारी धोरणाचंही आहे. १२ जून २०२० ला केंद्र सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरला परवाना लागतो आणि छोट्या साइजचे खास स्पोर्टी टायर आयात करायला कोणी फार उत्सुक नसतं.

शेवटी माझ्यापुढे तीन नावं राहिली. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, योकोहामा अर्थ-१ आणि कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६. प्रायमसी त्याच्या शांतपणासाठी ओळखला जातो. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणसं रोज गाडीत असतील तर मी तोच घेतला असता. योकोहामा किमतीला परवडणारा आणि सभ्य, जीटीऐवजी साधी पोलो असती तर बहुधा तो. यूसी६ ची नक्षी असममित आहे. बाहेरच्या खांद्याचे ठोकळे मोठे आणि सलग, वळणात झुकणारं वजन धरायला, आणि आतल्या बाजूला पाणी काढायच्या खोबणी जास्त. रुंद लांब खोबणी सलग आहेत. मला जे हवं होतं, म्हणजे ओल्यात थांबणं आणि वळणात स्टिअरिंगचं ऐकणं, त्याच्या हा सगळ्यात जवळ वाटला. तोच घेतला.

साइडवॉलवरचे आकडे वाचायची सवय लावून घ्या, ते जाहिरातीपेक्षा खरं बोलतात. ८७ व्ही मधला ८७ म्हणजे एका टायरने उचलायचं वजन, ५४५ किलो. व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंतचा वेग, एच म्हणजे २१०. आपण कोणी २१० ने जात नाही, मग व्ही कशाला? कारण हा आकडा शेवटी उष्णतेबद्दल आहे. वेगात टायर तापून फाटू नये म्हणून आतले पट्टे कसे बांधलेत, ते हे अक्षर सांगतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, काँक्रीट त्याहून तापलेलं आणि १२० चा वेग तासन्‌तास. हा हिशेब युरोपातल्या हायवेपेक्षा वेगळा आहे. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा मात्र जपून वाचा. तो कंपनीने स्वतःच्या चाचणीवरून दिलेला असतो, त्यामुळे एका कंपनीचे ४०० आणि दुसरीचे ४०० सारखे असतीलच असं नाही. बीईई या ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचे तारे इंधन बचतीचे असतात, ते पाहून पकड ठरवू नका.

टायर चांगला निवडला आणि वाईट बसवला तर सगळं पाण्यात, म्हणून दुकानाबद्दल सविस्तर लिहिते. शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये आधी गेले होते. चकचकीत, एसी, कॉफी. टायर आणला तर त्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची. ‘नवाच आहे मॅडम, गोडाऊनमध्येच होता.’ नागपुरात गोडाऊन म्हणजे बहुतेक वेळा टिनाची शेड, आणि उन्हाळ्यात तिच्यात रबराचं काय होतं ते मला सिमेंटच्या पोत्यांवरून ठाऊक आहे. नम्रपणे नको म्हणून निघाले.

मग अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे, एका जुन्या दुकानात गेले. या भागात ट्रान्सपोर्टचा धंदा असल्याने टायरवाले ट्रकच्या टायरवर हात बसलेले असतात. काउंटरवरच्या काकांनी किंमत सांगण्याआधी टायर माझ्यासमोर आडवा ठेवला. “ताई, तारीख पाहून घ्या आधी. मशीनवर चढला का मंग आत जाते, दिसत नाही.” हे वाक्य ऐकूनच मी निम्मी तयार झाले होते. डॉट या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ३१२५ म्हणजे २०२५ चा एकतिसावा आठवडा. हे पूर्ण आकडे टायरच्या एकाच बाजूला छापलेले असतात. असममित टायर उलटा बसवता येत नाही, त्यामुळे ती बाजू आत गेली तर नंतर गाडीखाली झोपल्याशिवाय वाचता येत नाही. चारही टायर दोन-तीन महिन्यांतले निघाले.

बसवताना मी उभी राहून पाहिलं, आणि तुम्हीही पाहा, चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. पोराने आधी रिमची कड तारेच्या ब्रशने नाही, कापडाने पुसली. अलॉयला तारेचा ब्रश लावला तर तिथूनच पुढे हवा झिरपते. मशीनच्या पकडीला प्लास्टिकची टोपणं होती. साबणाचं पाणी दोन्ही कडांना नीट लावलं, आणि हवा भरताना कडा रिमवर बसल्याचे ‘फट्, फट्’ असे दोन स्वच्छ आवाज आले. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे टाकले. प्रत्येक टायरवरचं ‘आउटसाइड’ बाहेर आहे ना, हे त्याने हात फिरवून पाहिलं. बॅलन्सिंगला रिमच्या आतून चिकटवायची वजनं वापरली, कडेला ठोकायची नाही.

फोक्सवॅगनच्या चाकाला नट नसतात, बोल्ट असतात. चाक हबवर हाताने धरून, भोकं जुळवून बोल्ट लावायचा असतो, आणि घाईत तिरका गेला तर हबचे आटे बिघडतात. त्याने पाचही बोल्ट आधी बोटांनी फिरवले, मग गनने हलकेच टेकवले. शेवटचा घट्टपणा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटर. हे मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “पाना हाये ना जी, ट्रकवाले मागत नाहीत म्हणून आत असते.” आतून आणला. गनने जीव खाऊन आवळलेले बोल्ट हायवेवर पंक्चर झाल्यावर तुमच्याने सुटत नाहीत, आणि वाकड्या जोराने डिस्कही वाकू शकते. टॉर्क पाना नसलेल्या दुकानात कारचे अलॉय उतरवू नयेत असं मला वाटतं.

अलाइनमेंटला पुढचा टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, थोडा बाहेर निघाला, गट्टूच्या त्या धक्क्याने असणार. तो जुळवला. पोलोचा मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली, तिथे फिरवण्यासारखं काही नसतं. त्यामुळे ‘चारही चाकांचं’ म्हणून जास्त पैसे मागितले तर काय फिरवणार ते विचारा. इथे तसं काही झालं नाही. नायट्रोजन भरायचा का, असं विचारलं, मी साधी हवाच घेतली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. टायर, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं मिळून खर्च पस्तीस हजारांच्या आत आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. मी दसऱ्याच्या सुमारास घेतले, तो फरक बिलात स्पष्ट दिसला. बिलावर प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर लिहून घेतला.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर शांतपणे चालवले. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य पृष्ठभागावर असतं, ते निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. मग परतीचा पाऊस आला आणि मला हवी ती परीक्षा झाली. माझ्या रोजच्या वाटेवर एक जुना सिमेंटचा चौक आहे, तिथे आधीच्या टायरवर ओल्या रस्त्यात सिग्नलला जरा जोराने ब्रेक मारला की एबीएस पायाखाली खडखडायचं. त्याच वेगाला, त्याच जागी यूसी६ वर एबीएस जागं झालं नाही. पॅडल घट्ट, गाडी सरळ, थांबली. मला या खरेदीतून हेच हवं होतं. पावसात सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये पुढचं चाक गरकन फिरायचं तेही खूप कमी झालं. जास्त पाय दिला तर अजून फिरतं, टर्बोचा जोर एकदम येतो त्याला टायर तरी काय करणार, पण आता ते आधी कळतं.

ऑक्टोबरातच परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला गेलो. रस्त्यावर पानं पडलेली, मधेच ऊन, मधेच ओल. जुन्या टायरवर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली यांच्या मधे एक श्वासभर उशीर वाटायचा. साइडवॉल आधी वाकायची, मग गाडी यायची. तो उशीर गेला. वळणाच्या मधे रस्ता आणखी आवळला तरी थोडं जास्त स्टिअरिंग दिलं की पुढची चाकं तिकडे जात होती. उतारावर सलग ब्रेक लागत असतानाही हातात खात्री होती. बाबा मागे बसले होते, ते सहसा घाटात वरचं हँडल धरून असतात. या वेळी भीमकुंडापर्यंत गप्पा मारत आले. कोरड्या डांबरावर खूप जोरात वळण घेतलं तर हा टायर आधी कुईं करून सांगतो आणि मग हळूहळू सरकतो, एकदम सोडत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मला हाच गुण हवा.

आवाजाबद्दल अपेक्षा वास्तव ठेवा. डांबरावर गाडी स्पष्टपणे शांत झाली. ताज्या खाचांच्या काँक्रीटवर मात्र घूं-घूं राहतेच, ती रस्त्याची आहे आणि कोणताही टायर ती पूर्ण काढणार नाही. सांध्यांचे ठोके आधीपेक्षा गोल झाले, धारदार राहिले नाहीत, आणि समृद्धीवर शिर्डीला जाऊन आल्यावर मला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते याचं.

समृद्धीचा विषय निघाला म्हणून हवेबद्दल लिहितेच, कारण विदर्भात एक समज घट्ट बसलाय की उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून टायरमध्ये दोन-चार पॉइंट (पीएसआय, दाबाचं माप) कमी भरावी. हे उलट आहे, आणि धोक्याचं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते, ती १२० च्या वेगाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आणि आतले पट्टे रबरापासून सुटायला लागतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा. तापमान १० अंशांनी वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. ३२ भरलेला टायर चालून तापल्यावर ३७ दाखवेल, आणि ते ठीक आहे. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ धरूनच तो दिलेला असतो. तापलेल्या टायरची हवा पेट्रोल पंपावर काढू नका. पोलोत हा आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे, चार माणसं आणि सामान असेल तर त्याचा वेगळा रकाना आहे, तो पाळा. मी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने मोजते. समृद्धीच्या सुरुवातीला आरटीओच्या पथकांनी घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या आहेत, ते चांगलंच केलं. पण हवा कमी असलेला नवा टायर त्या तपासणीत डोळ्यांना दिसत नाही, तो आपणच पकडायचा.

मायलेजमध्ये मला सांगण्यासारखा फरक पडला नाही. झीज अपेक्षेप्रमाणे पुढे जास्त आहे, मागच्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर. पोलोसारख्या गाडीला आणि आपल्या खरबरीत काँक्रीटला ते धरून चालावं लागतं. मऊ, पकडीचं रबर घेतलं तर ते टूरिंग टायरएवढं टिकणार नाही, आणि ज्यांना एका जोडीत सगळ्यात जास्त किलोमीटर हवेत त्यांनी हा टायर घेऊ नये. आय२० एन लाइनवाल्यांना मात्र आवर्जून सुचवेन, साइज तीच आहे आणि गाडीचा बाजही.

पुढच्या आणि मागच्या नक्षीत फरक इतका लहान आहे तोवरच मी चाकं पुढची मागे, मागची पुढे करून घेणार आहे, मृगाचा पाऊस पडायच्या आत. वाडीच्या काकांकडेच, आणि टॉर्क पाना बाहेर काढून ठेवा असं आधी फोन करून.